एक दशांश इकडे किंवा तिकडे

गेल्या आठवड्यात मला एका शासकीय कार्यालयाचे उत्तर आले. माझ्या तक्रारीचा विषय होता घरासमोरचे उघडे गटार. उत्तरात लिहिले होते की सदर काम ‘अंदाजे लवकरच’ पूर्ण करण्यात येईल. मी उभी नोकरी दौंडच्या न्यायालयात कागद वाचण्यात घालवली आहे, आणि त्या काळात कागदावर मारलेल्या पुष्कळ थापा पाहिल्या आहेत. परंतु इतकी निर्लज्ज थाप पाहिलेली नव्हती. ज्याला तारीख द्यायची नसते तो ‘लवकरच’ लिहितो. ज्याला लवकरही काही करायचे नसते, तो त्याच्याआधी ‘अंदाजे’ जोडतो. मी त्याच दुपारी प्रत्युत्तर लिहायला बसलो. तिसऱ्या परिच्छेदात लिहिले, “आपल्या अंदाजात चूक किती असू शकते, तेही कळवावे.” वाक्य लिहून झाले आणि हात थांबला. हे वाक्य माझे नव्हते. ते ओहोळबाईंचे होते.

रूथ ओहोळ शिरूरच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. चर्चच्या मागच्या आळीत त्यांचे बैठे घर होते. आजोबा मिशनमध्ये सुतार होते, त्यांनी केलेले लाकडी कपाट बाई अजून वापरत. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, खांद्यावर पिन लावलेले सुती पातळ, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला तबकडी येईल असे बांधलेले पुरुषी घड्याळ. हातात बाराही महिने काळी छत्री. त्यांच्याशी कोणीही काहीही ठामपणे बोलले, की बाई मान किंचित वाकडी करून विचारीत, “कशानं मोजलं?” त्यावर समोरचा गडबडला नाही, तर पुढचा प्रश्न येई, “कितीदा?” तिसऱ्या प्रश्नापर्यंत सहसा कोणी टिकत नसे.

बाजारतळाजवळच्या डॉक्टरांनी एकदा त्यांचा रक्तदाब पाहून भुवया उंचावल्या. गोळी लिहायला घेतली.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “मी जिना चढून आले आहे. बाहेर बाकावर बसते. जरा वेळानं परत बघा. मग दुसऱ्या हाताचा बघा.”

“बाई, बाहेर पेशंटची रांग आहे.”

“मग रांगेतल्या सगळ्यांचाच जिना चढल्याचा दाब तुम्ही मोजताय, डॉक्टर.”

डॉक्टर चिडले, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या जिन्याच्या तोंडाशी पाटी लागली की तपासणीपूर्वी थोडा वेळ बसावे. ती पाटी मी स्वतः पाहिली आहे. ज्या गावात माझ्या पत्रांनी एक खड्डा बुजत नाही, तिथे बाईंच्या एका वाक्याने पाटी लागते, याचा मला त्या वेळी मनस्वी राग आला होता.

आमची ओळखही रागातूनच झाली. माझी मुलगी वैशाली त्यांच्या वर्गात होती. लंबकाच्या झोक्यांवरून गुरुत्वाकर्षणाने पडत्या वस्तूचा वेग किती वाढतो ते काढायचे, असा तो जुना प्रयोग. पुस्तकातले उत्तर नऊ पूर्णांक आठ. वैशालीचे उत्तर नेमके तेवढेच आले, आणि बाईंनी तिला शून्य गुण दिले. पोर रडत घरी आली. मी विद्यापीठाच्या नियमावलीतील कलमांसह प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला, आणि तो समक्ष देण्यासाठी गेलो. प्राचार्यांनी मला प्रयोगशाळेत पाठवले.

बाईंनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. एवढ्यानेच माझा निम्मा राग उतरला, कारण माझे अर्ज कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. मग त्यांनी माझ्या हातात एक लाकडी मोजपट्टी दिली.

“हिचा आरंभ बघा, आप्पासाहेब.”

पट्टीचे पहिले टोक सुताराकडून कापून घेतलेले होते. ती शून्यापासून नव्हे, तीनापासून सुरू होत होती.

“सगळ्या वर्गाला याच पट्ट्या दिल्या होत्या,” बाई म्हणाल्या. “ज्यानं टोक पाहिलं, त्यानं तीन वजा करायला हवे होते. ज्यानं पाहिलं नाही, त्याची दोरीची लांबी जास्त भरणार, आणि उत्तर दहाच्या वर जाणार. दोन्ही मला चाललं असतं. पण तुमच्या मुलीच्या वहीत लांबी तीन वजा न करता लिहिली आहे, आणि उत्तर पुस्तकातलं. मग झोक्याचे सेकंद कुठून आले?”

पोरीने पुस्तकातल्या उत्तरावरून उलटे गणित करून सेकंद बनवले होते, हे मला कळले. बाईंनी मला स्टॉपवॉच दिले आणि लंबक सोडला. झोके मोजून वेळ काढायची, असे तीनदा करायचे. मात्र पहिला आकडा आला तसा मी मोठ्याने सांगू लागलो, तेव्हा त्यांनी छत्रीच्या दांड्याने टेबल ठोकले. “सांगू नका. मलाही नाही, स्वतःलाही नाही. लिहा आणि उलटा ठेवा.”

माझे तिन्ही आकडे वेगवेगळे आले. मी घड्याळाला दोष दिला.

“घड्याळ चांगलं आहे,” बाई हसल्या. “तुमचं बोट चांगलं आहे. झोका नेमका कधी संपला, हे कुणालाच नेमकं कळत नाही, एवढंच. हे तीन आकडे जेवढे एकमेकांपासून लांब, तेवढं तुमचं अज्ञान. ते उत्तराशेजारी लिहायचं. लाजायचं काय त्यात? तिन्ही सारखे आले असते तर मी तुम्हाला बाहेर काढलं असतं.”

वर्गात एका मुलीचे उत्तर दहाच्या वर गेले होते आणि तिने ते तसेच लिहून ठेवले होते. तिला पूर्ण गुण होते. विद्यार्थ्यांना पूर्वसूचना न देता छाटलेली पट्टी देणे नियमात बसते किंवा कसे, याविषयी माझे मत आजही कायम आहे. परंतु अर्ज मी परत घेतला. वैशाली आज पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. चुकलेला आकडा ती खोडत नाही. बाईंची शिस्त तशी होती: चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

माझे मूळ गाव भीमेच्या काठी, वडगाव रासाईच्या पलीकडच्या तीरावर, दौंड तालुक्यात. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण तडजोडीने मिटले आहे आणि तडजोडीच्या अटी मी पाळतो. गावालगतच्या माळावर खडीची खाण सुरू झाली. दुपारी सुरुंग उडत. घरांच्या भिंतींना भेगा गेल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेची माळाकडची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली, आणि त्या भिंतीला पाठ लावून पहिली-दुसरीची पोरे बसत. शाळा समितीचे अध्यक्ष बबनआबा माझ्याकडे शिरूरला आले. मी अर्थातच निवेदन लिहिले. प्रांताधिकाऱ्यांपुढे दौंडला सुनावणी लागली. खाणमालकाच्या वकिलाचे म्हणणे तज्ज्ञांच्या अहवालासह लेखी आले: काळ्या मातीत घरे तडकतातच, त्याच्याशी सुरुंगाचा संबंध नाही.

मी निवेदनाची प्रत बाईंना दाखवली. त्यात एक वाक्य होते: “शाळेची भिंत बोटभर सरकली असून कोणत्याही क्षणी कोसळू शकते.” बाईंची मान वाकडी झाली.

“कशानं मोजलं?”

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर एसटीने गावी आल्या. पिशवीत महाविद्यालयातले व्हर्निअर होते, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग मोजणारे ते लोखंडी माप. बबनआबांनी अभिमानाने गावाचे मोजमाप दाखवले. प्रत्येक सुरुंगानंतर गावकरी धावत जाऊन शाळेच्या कंपासपेटीतल्या पट्टीने भेग मोजत. आकडे भिंतीवरच खडूने मांडलेले होते. दर वेळी भेग सकाळपेक्षा मोठी.

“भेग कुठं मोजता?” बाईंनी विचारले.

“जिथं लई उघडी दिसंल तिथं,” आबा म्हणाले.

“रोज त्याच जागी?”

“छ्या. ती काय एका जागी गप बसती व्हय?”

“आणि सुरुंग नसेल त्या दिवशी?”

आबा बुचकळ्यात पडले. “सुरुंगच न्हाई तर मोजायचं कशाला, बाई?”

भेगेच्या दोन्ही बाजूंना बाईंनी एकेक पितळी खिळा पक्का बसवून घेतला. आता त्या दोन खिळ्यांमधले अंतरच मोजायचे, दुसरे काही नाही. प्रत्येक वेळी व्हर्निअरचे जबडे आधी मिटून शून्य शून्यावर येते का ते पाहायचे. मग पाच वेळा मोजायचे, आणि दर वेळी माप काढून घेऊन पुन्हा लावायचे. मोजताना भिंतीला कोणी हात लावायचा नाही, टेकायचे तर नाहीच. एकदा मी सवयीने खांदा टेकवला, तर छत्रीचे टोक बरगडीत बसले.

तसेच खिळे त्यांनी काही घरांनाही ठोकून घेतले. शिवाय गावाच्या दुसऱ्या टोकाला, खाणीपासून लांब, सोसायटीचे जुने खताचे गोदाम होते. तोच दगड, तेच पत्रे, तीच काळी माती, आणि त्यालाही एक जुनी भेग. तिथेही खिळे बसले.

“गोडाऊनचं काय दुखतंय?” आबांनी विचारले.

“ते निरोगी आहे की नाही, ते कळायला हवं. एकट्या आजाऱ्याकडं बघून ताप कळत नाही, आबा.”

खाणीला गुरुवारी सुट्टी असे. बाईंनी एका गुरुवारी दुपारी गावाला शाळेपाशी बोलावले. माळावर शांतता होती. सकाळचे माप त्यांनी उन्हाआधी घेऊन ठेवले होते. आता आबांना मोजायला लावले. आबांनी डोळे बारीक करून वाचले, पुन्हा वाचले, आणि मागे सरकले. सुरुंगाशिवाय भेग उघडली होती.

“ऊन पडलं की पत्र्याखालचे लोखंडी अँगल लांबतात आणि भिंतीला बाहेर ढकलतात,” बाई म्हणाल्या. “सुरुंग दुपारी, ऊन दुपारी, आणि तुम्ही मोजता दुपारीच. सुरुंग कुठला आणि ऊन कुठलं, ते या खडूच्या आकड्यांवरून सांगता येत नाही.”

गर्दीतून कोणी तरी म्हणाले, “म्हंजी सूर्यावरच केस घालायची का आता?”

लोक हसले. मी हसलो नाही. विरुद्ध बाजूचा वकील हेच सांगत होता, आणि आमच्याच साक्षीदाराने ते सिद्ध करून दाखवले होते. मी बाईंना बाजूला घेऊन तसे स्पष्ट बोललो.

“बरं झालं आपल्याला आधी कळलं,” त्या म्हणाल्या. “आता एक करू. रोज पहाटेचं माप पहाटेच्या मापाशी लावू. ऊन वजा होईल. मग जे उरेल ते बघू.”

दिवाळीनंतर सुरू झालेले ते काम होळीपर्यंत चालले. शाळेच्या मुख्याध्यापिका आणि आबा असे दोघे पहाटे मोजत, एकमेकांना न सांगता. बाई दर शनिवारी शेवटच्या एसटीने मुक्कामाला येत, रविवारी पहाटे स्वतः मोजत आणि प्रार्थनेला शिरूरला परतत. शेवटी त्यांनी शाळेच्या ओट्यावर बसून निष्कर्ष सांगितला. गोदामाची भेग उघडते, मिटते, पुन्हा जागेवर येते. घरांच्या भेगाही बहुतेक तशाच. त्यांच्याबद्दल सुरुंगाने झाल्या असे म्हणता येत नाही, आणि नाही झाल्या असेही म्हणता येत नाही. शाळेची भिंत मात्र ऊन वजा केल्यावरही एकाच दिशेला सरकत होती, आणि परत येत नव्हती.

“किती?” मी विचारले.

“आठ दशांश मिलिमीटर. एक दशांश इकडे किंवा तिकडे.”

माझा संताप अनावर झाला. बोटभर लिहिले होते, ते मिलिमीटरभरही भरले नाही, आणि वर ‘इकडे किंवा तिकडे’! आबांचे दुःख वेगळे होते. त्यांच्या घरावर बाईंनी काट मारली होती.

“बाई, तुमचं माप आमच्या घराला लागलं की आंधळं होतंय व्हय?”

“होतं, आबा. तुमच्या घराच्या भेगेचा झोका एवढा मोठा आहे की त्यात सुरुंग लपला तरी मला दिसत नाही. न दिसलेलं मी लिहिणार नाही.”

“आवो, पर समदी घरं घातली तर जोर येतो ना केसला!”

“जोर जातो. त्यांचा वकील एक घर उचलेल, गुरुवारचा आकडा दाखवेल, आणि त्याच्याबरोबर शाळाही बुडवेल.” बाईंनी छत्रीने तडकलेल्या भिंतीकडे दाखवले. “तुमची नात कुठल्या भिंतीला पाठ लावून बसते, आबा? घरच्या की इथल्या?”

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर आपटली. मग म्हणाले, “आप्पा, घरं काढा अर्जातनं.”

गावाने बाईंना सोडले नाही. त्या दिवशी परतीच्या एसटीला थांब्यावर एक जण मोठ्याने म्हणाला की मालकाने बाईंना चहा पाजलेला दिसतोय. बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, “किती कप?”

दौंडच्या सुनावणीत विरुद्ध बाजूच्या वकिलाने सुरुवातीलाच बाईंना धरले. हा माणूस मी न्यायालयात अनेक वर्षे पाहिला होता. साक्षीदाराच्या तोंडून ‘नक्की सांगता येत नाही’ एवढे काढले की त्याचे काम झाले.

“बाई, आपलं मोजमाप चुकू शकतं?”

“हो.”

वकिलांनी प्रांतसाहेबांकडे पाहिले. मी माझ्या खुर्चीचा हात घट्ट धरला.

“म्हणजे आपल्याला खात्री नाही.”

“एक दशांशापर्यंत नाही. त्याच्यापुढं आहे. भिंत आठ दशांश सरकली आहे. माझी सगळी चूक एकाच बाजूला धरली, तरी सात उरतात. शून्य होत नाही.”

“पण चूक तर आहे!”

“साहेब, चूक तुमच्या तज्ज्ञांच्या अहवालातही आहे. त्यांनी एकदाच मोजलं, दुपारी मोजलं, आणि किती चुकलं असेल ते लिहिलं नाही. माझी चूक मी लिहिली आहे. त्यांची किती धरायची, ते तुम्हीच सांगा.”

वकिलांनी कागद उलटसुलट केले. प्रांतसाहेब तरुण होते. ते पहिल्यांदाच खुर्चीत पुढे झुकले. “मॅडम, यात घरांचा उल्लेख का नाही? तक्रार तर घरांची पण होती.”

“घरांचं मला सिद्ध करता आलं नाही,” बाई म्हणाल्या. “तेही पान जोडलं आहे. गुरुवारचे आकडे आहेत त्यात. आमच्या विरुद्ध जाणारे आहेत.”

साहेबांनी ते पान काढून वाचले. मी आयुष्यभर न्यायालयात वावरलो, पण आपल्याच विरुद्धचा पुरावा आपणच जोडल्याने कोणाचा शब्द एवढा वजनदार झालेला मी पाहिला नव्हता. त्याच दिवशी तोंडी आदेश झाला: वर्ग तत्काळ समाजमंदिरात हलवावेत, आणि शाळेच्या बाजूचे सुरुंग पुढील आदेशापर्यंत बंद. पुढे मालकाने जबाबदारी न स्वीकारता, परंतु स्वखर्चाने, ती भिंत पायापासून नवी बांधून दिली. घरांना काही मिळाले नाही. आबांनी त्याबद्दल बाईंना पुढे कधी शब्दाने विचारले नाही; दर उन्हाळ्यात मात्र कांद्याची पिशवी शिरूरला पोचत राहिली.

त्या दिवशी दौंडच्या स्टेशनबाहेर चहा पिताना मी बाईंना म्हणालो की सरकारी कागदांतला ‘अंदाजे’ हा शब्द कायद्याने बंद करावा असा अर्ज मी लिहिणार होतो, पण आता विचारात पडलो आहे.

“बंद करा की,” त्या म्हणाल्या. “लपायला वापरतात तो बंदच करा. मी लपत नाही. मी कुठपर्यंत उघडी आहे ते सांगते.”

नव्या भिंतीलाही बाईंनी जुन्या-नव्या बांधकामाच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना खिळे बसवून घेतले होते. निवृत्तीनंतरही त्या दर हिवाळ्यात एकदा माझ्यासह जात, पहाटे, उन्हाआधी. दोघांनी मोजायचे, दोघांनी लिहायचे, चिठ्ठ्या उलट्या ठेवायच्या आणि मग पाहायच्या. आमचे आकडे थोडेसे वेगळे निघत आणि बाई खूष होत.

यंदाच्या हिवाळ्यात आम्ही गेलो, तेव्हा बाईंना मी एसटीतून हात धरून उतरवले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि शस्त्रक्रियेची तारीख पुढे होती. शाळा भरायला अवकाश होता. बाईंनी जबडे मिटून शून्य पाहिले, पाचदा माप घेतले, चिठ्ठी उलटी ठेवली. मी घेतले. मग त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या माझ्याकडे सरकवल्या आणि म्हणाल्या, “वाचा.”

माझे पाच आकडे एकमेकांच्या जवळ होते. बाईंचे पाच विखुरलेले होते; दोन तर फार लांब. मी वाचताना जरा अडखळलो. बाईंच्या ते लक्षात आले.

“तसेच वाचा, आप्पासाहेब. आहेत तसे.”

मी वाचले. त्यांनी पेन मागितले, चाचपत आपल्या पाचही आकड्यांवर एकेक आडवी रेघ मारली, खालचे वाचता येईल अशी, आणि पेन मला परत दिले.

“माझी चूक आता मोजण्याच्या वस्तूपेक्षा मोठी झाली. तुमचे धरा. आजपासून तुम्ही वाचायचं.”

मी काही तरी बोलू पाहिले. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी येईल, पुन्हा याल, असे. त्यांची मान वाकडी झाली, आणि मी पेन खिशाला लावले.

एवढ्यात आबा काठी टेकत आले. आता त्यांची पणती पहिलीत आहे. त्यांनी नेहमीप्रमाणे बाईंना विचारले, “काय बाई, सरकली का भित्त?”

“आप्पांना विचारा.”

आबांनी माझ्याकडे पाहिले. उभ्या आयुष्यात मी एवढ्या काळजीने वाक्य जुळवले नसेल.

“नाही, आबा. एक दशांश इकडे किंवा तिकडे.”

“बास झालं,” आबा म्हणाले, आणि पोरांना हाक मारायला गेले.

मी व्हर्निअर पुसून डबीत ठेवले आणि मागे वळलो. ऊन नुकतेच पत्र्यावर आले होते. बाईंनी छत्री मिटून बाजूला उभी केली होती, आणि जिथे इतकी वर्षे कोणाला बोट लावू दिले नाही, त्या भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून, त्या ऊन खात बसल्या होत्या.